पाय पाण्यात दिसले पाहिजेत : टेक्सासच्या पाणथळांतल्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार. ब्राझोस बेंड, फॉर्टी एकर लेक

ह्यूस्टनहून अंधारातच निघाले आणि तांबडं फुटायला ब्राझोस बेंड उद्यानातल्या या तळ्यावर पोहोचले. हवा अजून दमट. कमळं संपली आहेत, वाळलेली बोंडं तेवढी माना टाकून उभी. जांभळ्या पाणकोंबड्या, म्हणजे इथल्या पर्पल गॅलिन्यूल, दोनच दिसल्या. थोड्या दिवसांत त्याही दक्षिणेकडे जातील. मोठा बगळा, हिमबगळा, तिरंदाजाचा इथला भाऊबंद ॲनहिंगा, पांढरे शराटी, सगळे मिळाले. लांबचं जवळ आणणारी १५०-६०० ची लेन्स शेवटच्या टोकाला नेऊन ४१२ फ्रेम काढल्या. डोळ्यातली चमक, पिसाची कड, सगळं धारदार.

रात्री, म्हणजे निफाडच्या रविवार सकाळी, अण्णांना व्हिडिओ कॉलवर तीस फोटो दाखवले. त्यांनी एकेक नीट पाहिला. मग म्हणाले, “चांगले आलेत गं. पण हा बगळा उभा कशात आहे? पाणी किती आहे तिथं?”

मी सांगू शकले नाही. तीसपैकी सव्वीस फोटोंत पाय गुडघ्यावरच कापलेले होते आणि मागे नुसता हिरवा गुळगुळीत पडदा. तो बगळा प्राणिसंग्रहालयातला आहे असं सांगितलं असतं, तरी खपलं असतं.

६ ऑक्टोबर

अण्णांनी पाटबंधारे खात्यात उभी नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावर. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला तो दगडी बंधारा, त्याच्यामागे साठलेला गाळ आणि त्या गाळावर उतरणारे पक्षी. लहानपणी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी तिथे जायची. ते पक्षी पाहत ते पाण्यासाठी. “शेकाट्या चालतोय तिथं वीतभर. मोठा बगळा उभा आहे तिथं हात-दीड हात. वारकरी पोहतोय तिथं पाय टेकत नाहीत. आणि पाणकावळा बुडी मारतोय ना, तिथं तू जायचं नाही.” मोजपट्टी दुसऱ्या टोकाला असायची, पण पक्षी सगळीकडे होते.

तेव्हा प्रकल्प असा ठरवला: जूनपर्यंत पंधरा छायाचित्रं, १२ बाय १८ इंच. प्रत्येकात पक्षी चौकटीच्या चौथ्या हिश्शाहून लहान. पाय पाण्याला जिथे भेटतात ती रेघ दिसलीच पाहिजे. प्रिंट निफाडला पाठवायच्या आणि अण्णांनी पाणी ओळखायचं.

२६ ऑक्टोबर. एल्म लेक

आज मुद्दाम फक्त २४-७०, म्हणजे रुंद कोनाची लेन्स नेली. फसलं. पक्षी ठिपका होतो आणि बाकी चौकटीत काहीच घडत नाही. नुसतं लांबून काढलं म्हणजे परिसर आला असं होत नाही, त्या परिसराला स्वतःची रचना लागते: पाणकणसांची उभी रांग, एक पडलेलं खोड, उजेडाचा एक पट्टा. ती आधी शोधायची, चौकट पक्की करायची आणि पक्षी तिथे येईपर्यंत थांबायचं. आजवर मी पक्षी शोधून चौकट त्याच्यामागे पळवत होते.

काळ्या पोटाच्या शिट्टीबदकांचा थवा डोक्यावरून गेला. गुलाबी-लाल चोच, पंखावर पांढरा रुंद पट्टा आणि ती शिट्टी. आवाज रेकॉर्ड करून अण्णांना पाठवला. उत्तर: “अडईच की!” जात निराळी, पण घराणं तेच.

१६ व १७ नोव्हेंबर. कॅडो लेक

टेक्सास आणि लुइझियाना यांच्या सीमेवरचं हे तळं. गाडीने चार तासांहून जास्त लागतात. बाल्ड सायप्रस हा सूचिपर्णी वृक्ष असूनही पानगळीचा आहे, आणि आत्ता त्याची पिसांसारखी पानं विटकरी झाली आहेत. झाडं थेट पाण्यात उभी. बुंधा खाली घागरीसारखा फुगलेला, भोवती गुडघ्यांसारखे वर आलेले मुळांचे खुंट. फांद्यांवरून करड्या दाढ्या लोंबतात, तो स्पॅनिश मॉस. नावात मॉस असलं तरी शेवाळ नव्हे, अननसाच्या कुळातली वनस्पती. झाडाच्या अंगावर राहते, पण झाडाला खात नाही, पाणी हवेतूनच घेते.

स्थानिक नावाड्याची सपाट होडी घेतली. इंजिन बंद करून त्याने काठीने होडी सरकवली. धुकं इतकं होतं की दहा वावांवरचं झाड नुसतं फिकट उभं वाटे. धुक्यात कॅमेरा उजेड कमी घेतो आणि सगळं राखाडी चिखल करतो. एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, वाढवून दिला तेव्हा धुक्याला धुक्याचा रंग आला. ऑटोफोकस कशालाच धरेना, हाताने केलं. एक मोठा निळा बगळा, आपल्या राखी बगळ्याचा थोराड चुलतभाऊ, खुंटाच्या आडून निघाला आणि चार पावलांत पुन्हा नाहीसा झाला. तेवढ्यात सात फ्रेम. त्यातल्या एकीत तो आहे की फांदी आहे, हे नीट पाहिल्यावरच कळतं. ती मला फार आवडली आहे.

अण्णांना या तळ्याचा इतिहास सांगितला तेव्हा ते फोनजवळ सरकून बसले. रेड रिव्हर नदीत शतकानुशतकं ओंडके अडकून मैलोन् मैल लांबीचा लाकडी अडसर झाला होता. त्याने पाणी तुंबलं आणि या भागातली तळी भरलेली राहिली. आगबोटी पार आत जेफरसन गावापर्यंत जात. १८७३ साली स्फोटकं लावून अडसराचा शेवटचा भाग काढला, तशी पातळी उतरली. मग १९१४ साली खाली धरण बांधून तळं पुन्हा धरलं. अण्णा म्हणाले, “म्हणजे आधी लाकडांचा बंधारा होता. सांडवा कुठून काढला होता नदीनं?” यावर मी आणखी वाचणार आहे, कारण प्रश्न योग्य आहे.

कॅडोला १९९३ साली रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत जागा, मिळाला. नांदूर मधमेश्वरचा २०२० साली जाहीर झाला. महाराष्ट्रातलं ते पहिलं. दोन्हीकडे परकी पाणवनस्पती मुळावर उठली आहे. तिथे जलपर्णी, इथे मुख्यतः जायंट साल्विनिया. ती खाणारे भुंगे इथे वाढवून पाण्यात सोडतात. साल्विनियाने झाकलेल्या एका खाडीत आम्ही अर्धा तास होतो, एकही बगळा नव्हता. मासा दिसत नाही तिथे तो उभा तरी का राहील?

१४ डिसेंबर. ब्राझोस बेंड

वारकरी आले. शेकड्यांनी. काळं अंग, पांढरी चोच. आपल्या वारकऱ्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा याला लहान आहे, वर तांबूस ठिपका. अण्णा: “तिकडंही वारी असते म्हण की.” थव्याचा फोटो जमला, आणि पाय टेकत नाहीत एवढं पाणी आहे हेही त्यात दिसतं.

२८ डिसेंबर

बाहेर गेले नाही. तीन महिन्यांचे फोटो संगणकावर लावून बसले आणि एक चूक परत परत दिसली. उन्हातला पांढरा बगळा. कॅमेरा गडद पाणी मोजतो, उजेड वाढवतो आणि पांढऱ्या पिसांतला तपशील कायमचा जातो. पक्षी चौकटीत लहान असला की हे जास्तच होतं, कारण मोजणीत त्याचा वाटा नगण्य. इथून पुढे उन्हात पांढऱ्यासाठी एक ते दीड स्टॉप कमी. पाणी काळं पडलं तर पडू दे, ते नंतर थोडं उजळता येतं.

दुसरं, पोलरायझर. तो लावला की पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसतो. आधी वाटलं हेच हवं. पण पूर्ण फिरवला की प्रतिबिंबही मरतं, आणि पाणी आहे हे सांगणारी खूणच पुसली जाते. अर्धा फिरवायचा: पायाजवळचा गाळ दिसावा, दूर आकाश तरंगावं.

२५ जानेवारी २०२५

मंगळवारी, २१ तारखेला ह्यूस्टनमध्ये बर्फ पडलं. आखाताच्या किनाऱ्यावर असं बर्फ बहुतेकांनी कधी पाहिलेलं नव्हतं. शाळा बंद, विमानतळ बंद, लेकीने अंगणात हातभर उंचीचा माणूस केला. रस्ते मोकळे झाल्यावर आज आले. काठावर बर्फाचा मागमूस नाही, पण लव्हाळी करपून तांबूस झाली आहे. ॲलिगेटर एकच दिसला, पाण्याला नाक टेकवून निश्चल. थंडीत ते खात नाहीत, फारसे हलतही नाहीत. पाणी गोठलंच तर नाकपुड्या तेवढ्या बर्फावर ठेवून श्वास चालू ठेवतात.

निश्चल असला तरी तीस फुटांचं अंतर इथला नियम आहे, आणि मी पाळते. छायाचित्रासाठी काठावर पालथं झोपणं इथे नाही. खालचा कोन हवा तर लाकडी पुलावर ट्रायपॉडचे पाय पसरून, कॅमेऱ्याचा मागचा पडदा उघडून वरून बघत काढते.

१५ फेब्रुवारी. पिलान्ट लेकचा काठ

तापस मिळाला.

अमेरिकन बिटर्न. हिवाळ्यात इथे येतो, आणि असतो हे ठाऊक असूनही पाच फेऱ्यांत दिसला नव्हता. आज सकाळी वाळलेल्या पाणकणसांच्या पट्ट्यासमोर चौकट लावून बसले होते, हिमबगळ्याच्या आशेने. हिमबगळा आला. काळे पाय, पिवळे पंजे, एक पंजा चिखलात थरथरवून मासे उठवत होता, अगदी आपल्या लहान बगळ्यासारखा. त्याच्याकडे बघता बघता मागच्या कणसांतलं एक कणीस वाऱ्यावर जरा उशिरा हललं. एवढंच. चोच आभाळाकडे, मान ताणलेली, छातीवरचे तपकिरी उभे पट्टे आणि पाणकणसांच्या काड्या यांत फरक शोधावा लागत होता. वारा आला की तोही त्यांच्याबरोबर डुलतो. आणि चोच वर असूनही डोळे खाली वळवून समोर बघतो. म्हणजे मी त्याला पाहायच्या कितीतरी आधी त्याने मला पाहिलं होतं.

ऑटोफोकस पुढच्या काड्यांनाच धरत राहिला. हाताने डोळ्यावर आणलं, लेन्सचं तोंड बारीक करून एफ ८ केलं, कारण काड्याही स्पष्ट हव्या होत्या. हे चित्र धूसर मागच्या पडद्यावर काढलं असतं तर चित्रच उरलं नसतं. या पक्ष्याला त्याच्या जागेतून कापून काढता येत नाही. चाळीस मिनिटं तो तसाच होता, मीही. मग मान खाली घेऊन दोन पावलं टाकली, एक बेडूक उचलला आणि आत गेला. पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते. दिसतात.

बोटं बधीर झाली होती. गाडीत बसल्यावर रडू आलं, ते का, हे इथे लिहायची गरज नाही, पण आलं.

८ मार्च. ॲनाह्वॅक

समुद्राजवळचं संरक्षित क्षेत्र, १९६३ सालचं. शोव्हेलर पाँडभोवती गाडीनेच अडीच मैलांचा फेरा. गाडी हेच लपण, खिडकीवर तांदळाची पिशवी ठेवून लेन्स टेकवायची, इंजिन बंद. माणूस खाली उतरला की सगळे उडतात, गाडीला कोणी विचारत नाही.

इथे पाणी आपोआप येत नाही. बांध घालून कप्पे केले आहेत आणि झडपा उघड-बंद करून कोणत्या कप्प्यात किती पाणी ठेवायचं ते ऋतूप्रमाणे ठरतं. काही भागांत भातशेतीही होते. उथळ कप्प्यात शेकाट्याचा इथला भाऊ, पुढच्यात थापट्या बदकं, त्याच्या पुढे बुडी मारणारी बदकं. अण्णांना झडपेच्या चाकाचाच फोटो जास्त आवडला. “ग्रीस वेळेवर लावतात,” म्हणाले.

गुलाबी चमचे नऊ, एका रांगेत, चोच डावी-उजवी फिरवत. रंग त्यांच्या खाण्यातल्या कोळंबीवर्गीय जिवांतून येतो. पाणी त्यांच्या गुडघ्याखाली. हाच फोटो संचातला सातवा.

१२ एप्रिल. हाय आयलंड, स्मिथ ओक्स

नाव बेटाचं, पण हा मिठाच्या घुमटावर उचललेला उंचवटा आहे, भोवतालच्या सपाट दलदलीपेक्षा जेमतेम तीसेक फूट वर. तेवढ्यावर ओक वाढतात, आणि आखात ओलांडून दमून आलेले लहान पक्षी त्यांत उतरतात. तिथल्या तळ्यात सारंगागार आहे: बगळे, चमचे, पाणकावळे, हजारांनी. ह्यूस्टन ऑडुबॉन ही संस्था जागा सांभाळते. घरटी बेटावर, बेटाभोवती पाणी, पाण्यात ॲलिगेटर. रकून पोहून अंडी खायला येऊ शकत नाही, हा त्यांचा पक्ष्यांना लाभ. वरून पडलेलं पिल्लू हा ॲलिगेटरचा.

इथे माझा नियम मोडतो. पक्षी झाडावर आहेत, पाय पाण्यात नाहीत. बराच वेळ उंच लाकडी मार्गावर नुसती उभी राहिले.

मोठ्या बगळ्याच्या पाठीवर विणीची लांब पिसं आली आहेत आणि डोळ्याजवळची कातडी पोपटी. याच पिसांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बायकांच्या टोप्यांकरता यांची कत्तल झाली. पिसं विणीतच येतात, म्हणून शिकारी घरट्यावरच मारत, आणि पिल्लं वर उपाशी मरत. वजनाला सोन्याहून महाग होती ती पिसं. दक्षिणेतल्या वसाहती ओस पडल्या. लुइझियानात १८९५च्या सुमारास ई. ए. मॅकिल्हेनी यांनी हिमबगळ्यांची आठ पिल्लं पकडून हाताने वाढवली आणि शरद ऋतूत सोडून दिली. पुढच्या वसंतात ती परतली, आणि त्यांतून पुन्हा वसाहत उभी राहिली. १९१८ साली स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा झाला. आज मी ज्यांचा फोटो काढते आहे ते या सगळ्यातून उरलेल्यांचे वंशज आहेत. मला हे आठवल्याशिवाय त्या पिसांकडे बघता येत नाही.

शेवटी चौकट वळवली. वरचं झाड सोडलं आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब घेतलं: उलटा बगळा, उलटं घरटं, मधून एक ॲलिगेटर गेल्याची लांब घडी. पाय पाण्यात आले.

२६ एप्रिल

पहाटे ॲलिगेटर हंबरले. नर डोकं आणि शेपूट वर उचलतो, आणि आवाज ऐकू येण्याआधी त्याच्या पाठीवरचं पाणी थेंबाथेंबाने उडायला लागतं, तापलेल्या तव्यावर टाकल्यासारखं. खालचा सूर माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, फळीवर टेकलेल्या तळव्याला जाणवतो. फोटो नाही. शटर दाबायचं सुचलं नाही.

२४ मे. फॉर्टी एकर लेक

गॅलिन्यूल परतल्या, कमळाच्या पानांवरून लांब बोटं पसरून चालतात. आपल्या कमळपक्ष्याची चाल, पाणकोंबडीचं अंग. पिवळ्या कमळांत जांभळा-निळा रंग हा सोपा फोटो आहे, सगळेच काढतात. मीही काढला.

खरी गोष्ट लिंपकिन. तपकिरी, पांढरे ठिपके, लांब चोच, आणि रडल्यासारखी हाक. टेक्सासमध्ये याची पहिली नोंद २०२१ सालची, याच उद्यानातली. परक्या ॲपल स्नेल गोगलगायी इथे पसरल्या आणि त्यांच्यामागून हा आला. चोचीचं टोक किंचित उजवीकडे वळलेलं असतं, शंखाच्या वळणात घालायला. काठावर त्याने रिकाम्या शंखांचा ढीग केला होता. पोटापर्यंत पाण्यात शिरून, न बघता, चोचीने चाचपून एक गोगलगाय काढली. पोटापर्यंत! संचात एवढ्या पाण्यात उभा असलेला दुसरा कोणी नाही.

१४ जून

निवड. ९,००० च्या वर फ्रेम, त्यातून साठ, साठातून पंधरा. लेकीने जमिनीवर मांडून क्रम लावला: उथळापासून खोलाकडे. तिचा क्रम माझ्यापेक्षा चांगला आहे, तोच ठेवला.

पहिल्या छपाईत धुक्याचा फोटो हिरवट आला. दुसऱ्या ठिकाणी सुती मॅट कागदावर पुन्हा करून घेतला, पडद्याची चमक आधी निम्मी करून तपासणी केली. पडद्यावर दिसतं तितकं कागद उजळत नाही, हे आधीच धरायला हवं होतं. एक आठवडा गेला.

२१ जून

नाशिकला सुट्टीला निघालेल्या शेजाऱ्यांबरोबर गुंडाळी पाठवली. मागे काहीही लिहिलेलं नाही. ठिकाण नाही, तारीख नाही, पक्ष्याचं नावही नाही.

१२ जुलै

आज अण्णांनी पंधराही प्रिंट खाटेवर पालथ्या मांडून कॅमेरा त्यांच्यावर फिरवला. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने लिहिलं आहे. शेकाट्या: “वीतभर, खाली वाळू.” चमचे: “दीड वीत, तळ सपाट, पाणी सोडलेलं असावं.” तापस: “चार बोटं, चिखल जास्त.” लिंपकिन: “हातभर, उतार लगेच आहे.” वारकरी: “पाय टेकत नाहीत.” हाय आयलंडच्या प्रतिबिंबावर बराच वेळ गेला म्हणाले, आणि लिहिलं आहे: “वर झाड आहे. कडेला खोल.”

कॅडोच्या धुक्यामागे आकडा नाही. तिथे फक्त लिहिलं आहे, “पाणी आहे.”

तोंडी मात्र विचारलं, “पुढं गेला का तो, का तिथंच उभा राहिला?”

“चार पावलं गेला, अण्णा. मग दिसला नाही.”

“खोल लागलं नसेल मग,” ते म्हणाले, आणि पेन्सिल शोधायला उठले.